शहाद्याच्या बाळाची ब्रीत

नंदुरबार स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि मोशेदादाला शिंकांनी घेरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात रुमाल, आणि शिंका काही थांबेनात. रिक्षावाला हसला. "मिरचीना टाईम शे बाबा. आठे समदा शिंकतस."

खरंच, शहाद्याची बस गावाबाहेर पडली तर दोन्ही बाजूंना जमीन लालभडक. वाळायला घातलेल्या मिरच्यांचे पट्टेच्या पट्टे, आणि तोंडाला ओढण्या बांधून त्यातून फिरणाऱ्या बाया. मी कोकणातली. आमच्याकडे वाळवण म्हणजे सुकटीचं नाहीतर अंगणातल्या कोकमाच्या सोलांचं. इथं शेतंच्या शेतं वाळवणाला निघालेली! मी बसच्या खिडकीला नाक लावून बसले होते आणि दादा रुमालाआडून म्हणत होता, "रिवू, काच लाव."

आम्ही दोघं बहीणभाऊ बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मी ठाण्याला शाळेत शिकवायची. दादा बँकेत होता, पण आमच्या समाजात त्याची ओळख मोहेल म्हणून. मोहेल म्हणजे मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची ब्रीत, म्हणजे सुंता करणारा. ठाणे, पेण, अलिबाग, सगळीकडच्या बाळांच्या ब्रीत त्याच्या हातून झाल्या आहेत. त्या पेटीत त्याची हत्यारं होती.

शहाद्याला का निघालो, ते सांगते. नोकरी संपल्यावर मी दर रविवारी संध्याकाळी मोबाईलवर हिब्रू वाचनाच्या वर्गाला बसू लागले. हिब्रू राहिली बाजूला, मला वेड लागलं ते त्या पडद्यावरच्या चौकोनांचं. एका चौकोनात युगांडातल्या टेकडीवरचा कॉफी पिकवणारा शेतकरी. त्याच्या गावातल्या लोकांनी बायबल वाचता वाचता एके दिवशी ठरवलं, आपण ज्यू. दुसऱ्यात मिझोरमची शिंपीण, पाठीवर बांधलेल्या बाळासकट. तिसऱ्यात पेरूमधल्या नदीकाठच्या गावचे एक आजोबा. त्यांच्याकडे दर शुक्रवारी मेणबत्त्या लावत, का लावतात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी शेकडो वर्षं एकटे पडलेले, कोणी काल-परवा उगवलेले. प्रत्येकाची गोष्ट ऐकताना मला वाटे, अरे, हे तर आपलंच सांगताहेत.

आणि एका रविवारी नवा चौकोन उघडला. नाव योसेफ, खाली गाव लिहिलेलं: शहादा. मी ओरडलेच, "शहादा? खानदेशातलं?"

"हां अम्मा," तो तरुण म्हणाला, "खानदेशमाच शे."

योसेफ मूळचा आंध्रातला, गुंटूरकडचा. त्यांच्या समाजाला बेने एफ्राईम म्हणतात. तेलुगू बोलणारे ज्यू. तो पुरुषोत्तमनगरच्या सहकारी साखर कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. मराठी शिकला ती कारखान्यातल्या माणसांकडून, म्हणून ती अहिराणी निघाली. त्याची बायको केझिया बाळंतपणाला माहेरी जायची होती, पण बाळाला घाई झाली आणि ते शहाद्यातच जन्मलं. मुलगा. आठव्या दिवशी ब्रीत व्हायला हवी. आणि मोहेल जवळपास कुठेच नाही.

त्याचा फोन आला तेव्हा दादा माझ्या समोरच चहा पीत होता.

दादा यायला लगेच तयार झाला, पण एक गोष्ट त्याने गाडीत बसल्यावर सांगितली. ब्रीतच्या वेळी मोहेल जी ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतो ती दोन तऱ्हेची असते. ज्यू घरात जन्मलेल्या बाळाची एक, आणि बाहेरून धर्मात येणाऱ्याची दुसरी.

"मी दुसरी म्हणेन," दादा म्हणाला. "ही माणसं परवापर्यंत चर्चला जात होती, रिवू. मला ठाऊक नाही ती कोण आहेत."

"आणि योसेफला काय सांगशील?"

"आधीच सांगेन. फसवणार नाही."

शहादा, गुरुवार

योसेफचं घर म्हणजे एका गादीकारखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली युनूसभाई आणि त्यांची बायको जुबेदाबी राहतात. युनूसभाई पिढीजात पिंजारी. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग आणि ढिगातून वर आलेली त्यांची पांढरी टोपी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, त्यांवर कापूस. कापूस कुठे संपतो आणि युनूसभाई कुठे सुरू होतात ते कळेना.

दादाने जिन्यातच ब्राखेचं सांगून टाकलं. चपलाही काढल्या नव्हत्या. योसेफचा चेहरा उतरला. तो सडपातळ, चष्मेवाला, डोक्यावर केझियाने विणलेली टोपी. त्याने दादाच्या हातातली पेटी घेतली. मग म्हणाला, "अंकल, मन्हा बाप ज्यू, मन्ही माय ज्यू. आजी चर्चमा जाये, पन मरेपर्यंत सांगे, आपन चर्चना नहीत. आते मन्हा पोऱ्या बाहेरना?"

"मी बाहेरचा म्हणत नाही. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणतो."

"पन तुम्ही कराल?"

"करीन."

"मग चला वर," योसेफ म्हणाला. "केझियाने पुलिहोरा केला."

चिंचेचा भात, वर शेंगदाणे. कोकणातून निघालेली जीभ खानदेशात येऊन आंध्राचा भात खात होती आणि मला आनंदाने काय करू नि काय नको झालं होतं. केझियाने बाळ माझ्या मांडीवर दिलं. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही. आम्ही दोघी मिळून शुक्रवार संध्याकाळचं, शब्बाथच्या म्हणजे पवित्र शनिवारच्या स्वागताचं गाणं म्हणून पाहिलं. शब्द एकच, चाल अगदी निराळी. तिची चाल वर चढते तिथं माझी खाली येते. दोघी हसून बेजार.

संध्याकाळी तयारी. ब्रीतला एक खुर्ची रिकामी ठेवतात, एलियाहू हन्नबीसाठी. प्रत्येक ब्रीतला तो नबी, म्हणजे प्रेषित, येऊन बसतो, अशी श्रद्धा. योसेफकडे होती प्लास्टिकची खुर्ची. मी खाली जाऊन युनूसभाईंना एखादी बरी उशी मागितली.

"किसके वास्ते?"

मी सांगितलं. ते हातातलं काम ठेवून उभे राहिले. "इलियास नबी? हमारे इलियास अलैहिस्सलाम?"

"हो, तेच असणार."

"तो उशी कायकू? गादी बनती." आणि त्यांनी कोपऱ्यातलं कोरं पोतं फोडलं. नवा कापूस, पांढरी शुभ्र खोळ, चारही कडांना हिरवा धागा. मी आमच्या मशिदीत ती खुर्ची कशी असते ते सांगू लागले, तर जुबेदाबींनी चमकून पाहिलं, "मशिदीत? तुमच्या?" मग समजावलं, आमचे जुने लोक आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात. त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "देखो, मैं बोली थी ना, ये लोग अपने जैसेच हैं."

शुक्रवार

सकाळी सगळं जागच्या जागी होतं. गादी खुर्चीवर. काळ्या मनुकांचं शरबत मी भिजवून, गाळून तयार ठेवलेलं. द्राक्षारसाऐवजी आम्ही तेच वापरतो. योसेफ नवा शर्ट घालून उभा. दादाने हात धुतले, बाळ उचललं आणि खिडकीपाशी नेलं. नाकाच्या शेंड्यावर हलकेच बोट दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. मग डोळ्याची पापणी खाली केली.

"पिवळं आहे," तो म्हणाला. "आज नाही करायचं."

योसेफला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो दादाच्या वाटेत उभा राहिला. "अंकल, आठवा दिन आज शे. काल नही, उद्या नही. आज!"

"कावीळ आहे बाळाला. दवाखान्यात चल."

"तुम्हले करनंच नही ना? खरं सांगा. आम्हना पोऱ्याले हात लावना नही तुम्हले!"

दादा शांत आहे, पण मऊ नाही. आज मात्र त्याने बाळ केझियाकडे दिलं आणि योसेफचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. तोराची पोथीच सांगते थांब म्हणून. जिवापुढे काही नाही. आजारी बाळाचा आठवा दिवस बाळाची वाट बघतो. हा तुझ्या मुलासाठीचा नियम आहे, तुला मोडता येणार नाही आणि मलाही नाही. कळलं?"

योसेफ रडू लागला. मी मात्र दादाकडे बघत राहिले. कारण बाहेरून येणाऱ्याला आठव्या दिवसाचं बंधन नसतंच. ते असतं जन्मलेल्याला. दादाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण बाळ पिवळं दिसलं आणि त्याच्या तोंडून आपोआप जे आलं ते आपल्या घरच्या बाळासाठी येतं तेच होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर त्याने मागे घेतलं असतं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. "वेळेवर आणलंत. घाबरू नका, पण दोन-तीन दिवस लागतील," म्हणाल्या. परतीची तिकिटं आम्ही तिथेच बाकावर बसून रद्द केली.

दिवस मावळताना मी केझियाला डबा घेऊन गेले. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं, निळ्या उजेडात न्हालेलं ते एवढंसं अंग. दवाखान्यात शुक्रवारची ज्योत लावता येत नाही. केझिया दिव्याच्या पेटीशी बसली होती आणि कालचंच शब्बाथचं गाणं हळू म्हणत होती, तिच्या त्या चढणाऱ्या चालीत. दादा दारात थांबला. आत आला नाही. गाणं संपेपर्यंत टोपी हातात धरून उभा होता.

रविवार, ब्राह्मणपुरी आणि प्रकाशा

बाळाची कावीळ उतरू लागली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळ्यांनी इथं बसून काय करायचंय? तेवढ्यात योसेफचा कारखान्यातला मित्र हिरालाल पाटील आपली पिकअप घेऊन आला. ब्राह्मणपुरीचा शेतकरी, रुंद हाडाचा, आवाज शेताच्या त्या टोकाला पोचेल असा.

"हाऊ शनवारले काम करस नही, मी रविवारले करस नही," तो योसेफच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "आम्ही पाळी बदली लेतस. दोन्हीसनं बेस जमी गये!"

गाडीत मध्येच त्याने दादाला अगदी सहज विचारलं, "बाबा, तुम्ही आनि हाऊ एकच जातना ना?"

योसेफ खिडकीबाहेर पाहू लागला. दादा म्हणाला, "तेच बघायला आलोय."

"हात्तीन्या! त्यामा काय बघनं?" हिरालालला खरोखरच कळलं नाही.

ब्राह्मणपुरीला त्याच्या आईने जेवायला बसवलं. चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेली ती भाकरी काळपट दिसते आणि चव अशी की मी तीन खाल्ल्या. भाकरीवर लोणी ठेवायच्या आधी आजींनी विचारलं, "तुम्ही दूध आनि मटन एकत्र खातस नही ना? योसेफ खात नही." मग स्वतःच म्हणाल्या, "आठे मटन नहीच. खा बिनघोर." केळीच्या बागेत घड उतरवण्याचं काम चाललं होतं. त्यापलीकडे पपयांच्या ओळी. ब्रीतच्या दिवशीच्या मलिद्यासाठी म्हणून आजींनी एक पिकलेली पपई आणि केळीची फणी माझ्या हातात दिली.

येताना प्रकाशाला तापीच्या काठी थांबलो. केझिया घरी आली की तिला मासा खायचा होता. एका कोळ्याच्या टोपलीत ताजे मासे होते. हिरालाल शाकाहारी, तो लांब जाऊन उभा राहिला. कोळ्याने सगळ्यात मोठा मासा वर धरला. लांब मिशांचा, गुळगुळीत, चकचकणारा. "हाऊ ल्या. काटा कमी."

योसेफने मान हलवली. "तो नको. खवलावाला दे." आणि वाकून रोहू उचलला. नखाने खवलं उलटं करून पाहिलं, पर पाहिले, मग पिशवीत टाकला.

मी दादाची बाही ओढली. बेने इस्रायलांच्या घरी ही गोष्ट पाळण्यात ऐकवतात. आमचे लोक कोकणात हिब्रूही विसरले होते, तेव्हा दुरून एक जाणता माणूस आला. हे खरोखर ज्यू आहेत का, त्याला बघायचं होतं. त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली. बायकांनी खवलं आणि पर असलेले, म्हणजे धर्माला चालणारे मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. तेवढ्यावर त्याने आम्हाला ओळखलं.

"दादा, बघितलंस?"

"मला मासे दिसतात, रिवू," तो म्हणाला. पण तो पाण्याकडे चालत गेला आणि मी त्याच्यामागे.

"आपल्या काकांचं इस्रायलमध्ये लग्न ठरलं तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्याकडे काय मागितलं होतं?" मी विचारलं. "पुरावा. तुमची आजी कोण, पणजी कोण. किती दिवस जेवले नव्हते ते."

"म्हणूनच," दादा म्हणाला. "मला त्या धर्मगुरूंची भीती नाही. मी चुकलो तर ती चूक त्या पोराच्या अंगावर राहील. उद्या त्याला कोणी विचारलं, तुला कोणी घेतलं आत, कशाच्या आधारावर? दुसरी ब्राखा म्हटली तर कोणी विचारणार नाही. पक्कं काम होईल."

"आणि जन्मल्या जन्मल्या आपल्याच माणसाने परका म्हटलं, ते नाही राहणार अंगावर?"

समोर तापी रुंद, संथ, आणि देवळांच्या पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या.

बुधवार

बाळ घरी येऊनही दादाने घाई केली नाही. रोज खिडकीपाशी नेई, नाकाचा शेंडा दाबे. बुधवारी सकाळी त्याने दोनदा दाबलं आणि म्हणाला, "गुलाबी."

तासाभरात माडी भरली. हिरालाल आणि त्याची आई. युनूसभाई कापूस झटकून, अत्तर लावून आले. जुबेदाबी माझ्यासोबत खाली मलिद्याची परात कालवत होत्या. आमचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा: साखर, खोबरं, वेलची, सुका मेवा, वर फळं. "अपने यहाँ भी होता मलिदा, रोटी का," त्या म्हणाल्या आणि नारळ असा झटझट खवला की मी नुसती बघत राहिले. परात घेऊन मी वर आले, तशी केझिया आतल्या खोलीत गेली आणि माझा हात धरून मलाही ओढलं. दार अर्धं उघडं होतं.

हिरवा धागा लावलेली गादी खुर्चीवर, रिकामी. शेजारच्या खुर्चीत योसेफ, मांडीवर उशी, उशीवर बाळ. दादाने प्रार्थनेची शाल खांद्यावर घेतली. हत्यार उचललं. योसेफने डोळे मिटून घेतले होते. त्याला ठाऊक होतं काय ऐकायचंय, आणि ते ऐकायची त्याने तयारी केली होती.

"बारूख अत्ता अदोनाय..."

दोन्ही ब्राखांची सुरुवात एकच. फरक शेवटी. केझियाची नखं माझ्या मनगटात रुतली होती. दादाचा आवाज संथ, ठाम, मी आयुष्यभर ऐकलेला. शेवट जवळ आला आणि तो क्षणभर थांबला. आणि मग स्पष्ट, मोठ्याने: "...अल हमिला."

जन्मलेल्या बाळाची ब्राखा.

योसेफचे डोळे उघडले. बाळ किंचाळलं. आता बापाची ब्राखा, अब्राहमाच्या करारात मुलाला आणल्याची, पण योसेफच्या तोंडून शब्द फुटेना. दादा हाताने पट्टी बांधत, मान वर न करता, त्याला एकेक शब्द सांगू लागला आणि योसेफ रडत रडत म्हणू लागला. मग मनुकांच्या शरबताचा थेंब बाळाच्या ओठांवर. ते चोखायला लागलं आणि रडणं विसरलं.

"नाव?" दादाने विचारलं.

"एफ्राईम."

दादाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू फुटलं. "एफ्राईम बेन योसेफ," त्याने जाहीर केलं. "योसेफाचा मुलगा एफ्राईम. हे तर पोथीतच लिहिलंय." हिरालालला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्याच्या.

सगळे मलिद्याभोवती जमल्यावर योसेफ दादाजवळ आला. "अंकल, तुम्ही ती म्हणालात. दुसरी नाही."

दादा हत्यारं पुसत होता. "दुसरी ऐनवेळी आठवलीच नाही," तो म्हणाला.

चाळीस वर्षं दोन्ही ब्राखा पाठ असलेला माणूस! मी तोंडात पदर धरला. युनूसभाई गादीवरून हलकेच हात फिरवत होते. ती मधोमध जरा दबलेली दिसत होती, कोणी बसून गेलं असावं तशी.

तेवढ्यात योसेफचा फोन वाजला. पडद्यावर त्याची आई, गुंटूरकडच्या कुठल्याशा अंगणात, मागे केळीचं झाड. तिने बाळ पाहिलं, मग काही विचारलं; ज्यांनी केलं ते कुठे आहेत म्हणते, असं योसेफने सांगितलं. योसेफने फोन दादाकडे दिला. ती तेलुगूत बोलू लागली, भरभर, पदराने डोळे टिपत. दादा मराठीत म्हणाला, "बाळ छान आहे हो. रडलं, पण थोडंसंच. तुमच्यासारखं नाक आहे." ती पुन्हा बोलली. दादा पुन्हा बोलला. दोघांनाही एकमेकांचा शब्द कळत नव्हता.

"काय म्हणते, सांगू?" योसेफने विचारलं.

दादाने हातानेच त्याला थांबवलं, फोन घेऊन खिडकीपाशी गेला, आणि बोलत राहिला.